मार्ताबाईंचा हात आणि माझे शहाण्णव मार्क

आधी चहा ओता, हसणार नाही असं कबूल करा, मग सांगते. कारण या प्रकरणात माझी जी शोभा झालीये ना, ती आमच्या घरात अजून रोज जेवताना वाढली जाते!

तर मी आठवी ते दहावी स्पॅनिश शिकले. हो, स्पॅनिश! गंगापूर रोडवरच्या आमच्या शाळेत संस्कृत नको असेल तर स्पॅनिश घ्या, अशी सोय होती. स्पेन नकाशात कुठे आहे हेही मला माहीत नव्हतं. पण वरच्या वर्गातल्या मुली म्हणाल्या, "स्कोअरिंग आहे गं!" झालं. पप्पांनी त्याच संध्याकाळी फॉर्मवर सही ठोकली.

शिकवायला होत्या सेन्योरा मॅडम. सेन्योरा म्हणजेच बाई, त्यामुळे आम्ही तीन वर्षं त्यांना 'बाई मॅडम' म्हणत होतो आणि त्याही गोड मानून घेत होत्या. त्या फळ्यावर लिहायच्या, आम्ही घोकायचो. 'माझे कुटुंब' हा निबंध तर झोपेतून उठवलं तरी म्हणू! माझे वडील डॉक्टर आहेत, माझा भाऊ पाब्लो फुटबॉल खेळतो, आमचं घर समुद्राकाठी आहे. वर्गातल्या चाळीसच्या चाळीस जणांचे वडील डॉक्टर, आणि चाळिसांत भाऊ एकच, पाब्लो!

माझे पप्पा सरकारी कचेरीत कारकून, मी एकुलती एक, आणि आम्ही राहतो सातपूरला. पण मार्क निबंधाला होते, खरेपणाला थोडेच होते?

आणि मॅडमची एक सक्त ताकीद होती. "प्रश्न कळो न कळो, कोरा सोडायचा नाही. जे पाठ आहे ते देऊन या!" मी ती तीन वर्षं पाळली आणि दहावीला शंभरात शहाण्णव आणले.

मग काय विचारता! पप्पा भाजी घेतानासुद्धा सांगायचे, "आमची पल्लवी फाडफाड स्पॅनिश बोलते." कोण तपासायला येणार होतं, सातपूरला?

अकरावीत होते तेव्हा निफाडहून मामाचा फोन आला. मामाची द्राक्षबाग आहे. स्पेनची एक कंपनी द्राक्षाची नवी जात आणणार होती, आणि त्यांच्या तज्ज्ञ बाई तालुक्यातल्या तीन बागा बघून त्यातली एक निवडणार होत्या. त्या बागेत पहिली रोपं लागणार. मामा महिनाभर त्याच एका ध्यासात होता. आणि ऐन वेळी दुभाष्याची गाडी कसारा घाटात बंद पडली!

"ताई, पल्लीला घेऊन ये लगेच," मामा आईला म्हणाला. "बाई दोन तासांत येऊन राह्यल्यात. लय मोठं काम हाय माझं!"

मला सांगा, मी नाही म्हणायला हवं होतं की नाही? पण मी आनंदाने उड्या मारत होते! अख्खं आयुष्य याच दिवसासाठी घोकलंय असं वाटत होतं. पप्पांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आम्ही तिघं निघालो.

मोबाईलवर भाषांतर होतं की, असं म्हणाल तुम्ही. मामाने मोबाईल काढलाही होता. पप्पांनीच तो खिशात ठेवायला लावला. "घरची पोरगी असताना यंत्र कशाला?"

मार्ताबाई आल्या. उंच, हसऱ्या, डोक्यावर मोठी टोपी. इंग्रजी त्यांचं आणि मामाचं साधारण सारखंच, म्हणजे 'थँक्यू'पर्यंत. मी पुढे होऊन स्पॅनिशमध्ये नमस्कार केला. बाई अशा खूश झाल्या की त्यांनी मला मिठीच मारली. मामीच्या डोळ्यांत पाणी, पप्पांची छाती फुगलेली!

मग बाईंनी काहीतरी भरभर विचारलं. मला त्यातलं 'कुटुंब' तेवढं कळलं. सुटलेच मी! निबंध सुरू झाला. आता पाठांतराचं तुम्हाला माहीत आहे, मध्ये थांबता येत नाही. डॉक्टर वडील झाले, पाब्लो झाला, समुद्र झाला. बाईंनी एकदा द्राक्षाच्या वेलींकडे पाहिलं, एकदा लांबवर बघितलं. बहुतेक समुद्र शोधत असाव्यात.

"डॉक्टर?" त्यांनी पप्पांकडे बोट करून विचारलं.

"सी, सी!" मी म्हणाले. म्हणजे, हो हो. प्रश्न कोरा कसा सोडणार?

बाग बघता बघता बाईंचा हात मांडवाच्या तारेला लागला आणि तळव्यावर ओरखडा उठला. त्या सरळ पप्पांपुढे आल्या आणि त्यांनी हात पुढे केला. त्यांच्या दृष्टीने समोर डॉक्टर होते ना!

पण आमच्या पप्पांना हात बघायचा नाद! कचेरीत फायली कमी आणि तळहात जास्त बघतात. त्यांना वाटलं, आपली कीर्ती स्पेनपर्यंत पोचली! त्यांनी चष्मा चढवला, हात उजेडात धरला, आणि हळूहळू त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"आयुष्यरेषेत खंड आहे," ते म्हणाले. "पण वाईट नाही. पुढे परदेशगमनाचा योग आहे. सांग त्यांना, पल्लवी."

आता आयुष्यरेषा स्पॅनिशमध्ये कुठून आणू? बाई घाबरून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला डॉक्टरचा म्हणून एकच धडा येत होता, नववीचा, 'दवाखान्यात'. तो मी खणखणीत आवाजात म्हणून टाकला. तुम्ही फार आजारी आहात. तुम्ही प्रवास करू शकत नाही. ताबडतोब मोठ्या इस्पितळात जा.

बाई पांढऱ्याफटक! पटकन बांधावर बसल्या. पप्पांनी धीर द्यायला अजून एकदा हात बघितला आणि नेमका "अरेरे" म्हणाले. बाई उठल्या ते थेट गाडीकडेच निघाल्या.

"अरे, बाई चालल्या!" मामा ओरडला. "पल्ले, काय बोल्लीस तू त्यान्ला?"

"धडा," मी म्हणाले. आता मात्र मामाचा तो चेहरा मला बघवेना. महिनाभर त्या माणसाने रात्रीसुद्धा बागेत काढल्या होत्या आणि मी पाच मिनिटांत पाहुण्यांना इस्पितळात धाडत होते.

तेवढ्यात मार्ताबाईंचा फोन वाजला. दुभाषा! घाटातून बाहेर आल्यावर त्याला रेंज मिळाली होती. बाई रडवेल्या आवाजात काहीतरी बोलल्या आणि त्यांनी फोन स्पीकरवर टाकून मामाच्या हातात दिला.

"अहो, तिथे डॉक्टर कोण आहे?" पलीकडून मराठीत आवाज आला. "मॅडमना मोठा आजार निघाला म्हणतात!"

"डॉक्टर कोणी नाय हो! दाजी हायेत, ते हात बघतात," मामा म्हणाला.

"त्यांना सांगा, परदेशगमनाचा योग आहे," पप्पा मागून ओरडले.

"काका, त्या आत्ता परदेशातच आहेत ना, निफाडमध्ये?" दुभाषा म्हणाला.

पलीकडून हसण्याचा मोठा आवाज आला. मग मी खरं काय ते कबूल केलं आणि त्याने स्पॅनिशमध्ये बाईंना सगळं उलगडून सांगितलं. पप्पा, कचेरी, धडा, पाब्लोसकट! बाई आधी ऐकत राहिल्या, मग हसायला लागल्या त्या थांबेनातच. पोट धरून त्या पुन्हा बांधावर बसल्या आणि मामी त्यांना वारा घालू लागली.

हसून झाल्यावर त्यांनी दुभाष्याकरवी मला विचारलं, "'कळलं नाही' एवढं एक वाक्य तुला स्पॅनिशमध्ये येत नव्हतं का?"

येत होतं हो! पहिल्याच दिवशी शिकवलं होतं! पण परीक्षेत ते लिहून कोणाला मार्क मिळालेत का कधी?

बाईंनी उरलेली बाग निवांत बघितली, जखमेवर मामीने हळद लावली, आणि आठवड्याने निरोप आला. मामाचीच बाग निवडली! मी घरभर नाचले. मनात म्हटलं, काही का असेना, ओळख तर मीच करून दिली!

परवा मामाचा फोन आला. रोपं घेऊन मार्ताबाई पुन्हा येणार आहेत. मी लगेच म्हणाले, "मामा, मी येते! या वेळी नीट बोलेन!"

"ये ना, तुला कोण नाय म्हनतंय?" मामा म्हणाला. "बाईंनी दाजींना खास बोलावलंय, उरलेला हात दाखवायचाय त्यान्ला. तू पन ये. फक्त तुझं नाव सांगितल्यापासून कंपनी दोन दुभाषे पाठवून राह्यली. एक बाईंसाठी, आन् एक तुला गप बसवायला!"