तलवारवाला की हीलर

माझा हात चुकला नव्हता. मुलीनं खेळात जे निवडायला सांगितलं होतं ते सोडून मी दुसरंच निवडलं, तेही जाणूनबुजून, आणि वर तिला खोटं सांगितलं.

मुलगी सांगलीला हॉस्टेलवर राहून इंजिनिअरिंग करते. आम्ही इकडे वडूजला. जाताना तिनंच माझ्या मोबाइलवर हा ऑनलाइन खेळ घालून दिला. राक्षस, किल्ले आणि एकत्र लढणाऱ्या टोळ्या. एरवी फोनवर आमचं बोलणं ‘जेवलीस का’च्या पुढं जात नसे. खेळात मात्र ती “पप्पा, मागं सरका, मराल!” म्हणून ओरडायची, आणि मला बरं वाटायचं.

या खेळात सुरुवातीला सगळ्यांनाच थोडी तलवार, थोडे उपचार येतात. मग एका लेव्हलला कायमचं ठरवावं लागतं. वॉरियर पुढं घुसतो, हीलर मागं राहून जखमींना उठवतो. एकदा निवडलं की बदलता येत नाही. मी वॉरियर झालो होतो. मुलीला हीलर व्हायचं होतं. हॉस्टेलवरच्या मुलींची टोळी होती, ती त्यात नवीन, आणि त्यांना हीलरच हवी होती.

तिला तो पर्याय उघडणार होता त्या दिवशी नेमकी तिची प्रॅक्टिकल होती आणि संध्याकाळी टोळीची मोठी लढाई. निवडल्यावर तयार व्हायला काही तास लागतात. म्हणून सकाळीच तिचा फोन आला. “पप्पा, अकराला पर्याय उघडेल. तेव्हा माझ्या आयडीनं आत जा आणि हीलर दाबा. मला लॅबमध्ये मोबाइल नेता येत नाही.”

मी चहाच्या टपरीवर बसून ते उघडलं. शेजारी माझा मित्र, इन्फंट्रीतून रिटायर झालेला. तो वाकून बघायला लागला.

“ही पांढऱ्या झग्यातली कोन रं?”

“हीलर. जखमींना बरं करती.”

“मंजे तुझ्यागतच की गड्या! बापानं फौजेत पट्ट्या बांधल्या, आता पोरगी बी बांधनार व्हय? तलवारवालं घे की!”

टपरी हसली. मीही हसलो. मी फौजेत नर्सिंग असिस्टंट होतो. आमच्याकडं परत आलेल्या फौजीला पहिलं विचारतात ते किती गोळ्या झाडल्या. या प्रश्नावर मी नेहमी नुसताच हसत आलोय. त्या हसण्यातच मी हीलर सोडून तलवार दाबली.

संध्याकाळी मुलीला म्हणालो, हात चुकला. ती म्हणाली, “जाऊ द्या पप्पा. चूक माझीच. तुमच्यावर टाकायला नको होतं.”

टोळीनं दुसरी हीलर घेतली. मुलगी खेळात यायची बंद झाली. बाकीच्या एका खोलीत जमून खेळतात, मी लायब्ररीत बसते, एवढंच ती बोलली. त्यानंतर मला एका जागी बसवेना. कारण नसताना गाडी काढून स्टँडपर्यंत जायचो, तसाच परतायचो. तिला मेसेज लिहायचो, पुसायचो. बायको वैतागली, “आवं, बूड टेकून बसा की जरा! काय हरवलंय तुमचं?” तिलाही सांगता आलं नाही.

रविवारी सांगलीची एसटी धरली. मुलगी स्टँडच्या कँटीनमध्ये भेटायला आली. चहा यायच्या आधीच मी बोललो.

“बाळा, हात चुकला नव्हता. मित्र हसला म्हणून मी तलवार दाबली.”

तिनं विचारलं, “पण फौजेत तुम्ही तेच काम केलंत ना? तुम्हाला त्याची लाज वाटते?”

“व्हय. लय वर्सं वाटत आली.”

“मी पोरींना सांगितलं, पप्पांना मोबाइल कळत नाही. त्या तुम्हाला हसत होत्या आणि मी भांडत होते त्यांच्याशी.” तिचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून बघितलं. मला उठून बाहेर जावंसं वाटलं. मी खुर्चीची कड धरून बसून राहिलो.

“माफ कर मला,” मी म्हणालो. “ते तुझं होतं, तूच ठरवलेलं. मी माझी लाज झाकायला ते मोडलं, आन् तू स्वतःला दोष देत होतीस तरी गप्प बसलो. चूक माझी हाय. माफ कर पोरी.”