मालकीणबाई, आत येऊ का?

शाळेत असताना वसंतभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी चिडलोच. आदल्याच दिवशी माझी शिडी घेऊन गेला होता. "उद्या आणून देतो, गुरुजी," म्हणाला होता. हा माणूस शब्द मोडेल असं कधी वाटलं नव्हतं...

भद्रावतीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. भाऊ ऑटो चालवायचा. कर्ज काढून त्याने दोन खोल्या बांधल्या. कमी कमाईवाल्यांच्या घरकर्जाच्या व्याजाचा मोठा वाटा सरकार भरतं म्हणून फॉर्म मीच भरून दिला. अटी दोनच : घर बाईच्या नावावर हवं आणि कुटुंब त्याच घरात राहायला हवं. ही मदत हुकली असती तर हप्ता झेपला नसता, घर विकावंच लागलं असतं.

घर झालं आणि पौष लागला. पौषात गृहप्रवेश? छे! भाड्याची खोली तर सोडून बसलेले. मग काय, भाऊने नव्या घराला कुलूप घातलं, अंगणात ताडपत्री बांधली, चूल मांडली, खाट टाकली आणि बिऱ्हाड थाटलं. नेमके तेव्हाच चंद्रपूरहून तपासणीचे साहेब आले.

"घरात राहता ना?"

"राह्यतो न, साहेब. फक्त आत गेलो नाई."

साहेब माझ्याकडे बघायला लागले, मी आभाळाकडे. "मग 'राहत नाहीत' असंच लिहावं लागेल," ते म्हणाले. मी भाऊच्या कानाशी लागलो, "अरे गाढवा, एक पाय तरी ठेव आत!" पण त्याचा एकच हेका, "पौषात? मेलो तरी नाई!"

तेव्हा त्याची बायको सुशीलाबाई चुलीपासून उठली. "घर कोनाच्या नावावर हाये, साहेब?"

"तुमच्या."

"मंग मालकीण आत राह्यते. हा बाहेरचा पाहुना हाये."

तिने कुलूप काढलं, चूल आत नेली आणि चहा ठेवला. साहेबांनी आत बसून चहा घेतला, हसत हसत सही केली. भाऊने आपला कप दाराबाहेर उभ्यानेच संपवला.

पौष सरला, पूजा झाली, पण भाऊची खोड गेली नाही. रोज संध्याकाळी ऑटो लावायचा, कडी वाजवायचा आणि ओरडायचा, "मालकीणबाई, आत येऊ का?" आतून उत्तर ठरलेलं, "थांबा, विचार करून राह्यली!" मग चांगला ताटकळत ठेवायची त्याला. किती वर्षं चाललं हे! अख्खी गल्ली हसायची.

परवा शिडी आणायला गेलो. संध्याकाळच होती. कडी वाजवली, तर आतून आवाज आला, "थांबा, विचार करून..."

बऱ्याच वेळाने दार उघडलं. बाई उंबऱ्यातच टेकली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "एखांद्या दिवशी तरी पटकन 'या' म्हनायले पाह्यजे होतं, गुरुजी."