लूमचा आवाज

गोडादऱ्यात आमच्या गल्लीत कापड विणायचे लूम चालवणाऱ्या प्रत्येकाच्या कानात घरी आल्यावरही खटखट वाजत राहते. त्यामुळे वडिलांसोबत लूमवर जाणारा भाऊ म्हणाला, "माझ्या कानात आवाज येतात," तेव्हा वडील जेवता जेवताच म्हणाले, "मलाही येतात. सवय होते." आम्ही हसलो. मीही हसले, त्याची मला अजून चीड येते.

दिवाळीत कारखाना पंधरा दिवस बंद होता, तरी भाऊ कानांवर उशी दाबून बसायचा. तेव्हा कुठे मी विचारलं, कसला आवाज येतो.

"दोन माणसं आहेत. दिवसभर शिव्या देतात."

दोन वर्षं तो हेच सांगत होता.

आता त्याच्या गोळ्या चालू आहेत. वडील रोज जेवताना त्याला विचारतात, "आज काय म्हणाले ते?" "मलाही येतात" असं मात्र आता म्हणत नाहीत.