आधी भाजी दाखवा

खंडारे डॉक्टर आजाऱ्याची नाडी बघायच्या आधी त्याच्या घरची भाजी चाखायचे. थेट चुलीपाशी जायचे, चमचाभर रस्सा तळहातावर घ्यायचे, चाटायचे आणि मगच खाटेकडे वळायचे. "डॉक्टर आहे का आचारी?" असं मी शिकवायचे त्या अकोल्याच्या शाळेत मास्तर लोक म्हणायचे. मीही हसले आहे, खोटं कशाला बोलू!

महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती. आईच्या पायांवर सूज होती, म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांनी लघवी होण्याची नवी गोळी पंधरा दिवसांसाठी दिली आणि मीठ कमी करायला सांगितलं. सूज उतरली. मी मोठी शहाणी! गोळी दोन महिने चालू ठेवली, मीठ पारच बंद केलं आणि बरणी कपाटात कुलपात ठेवली. त्यात वैशाख, ऊन बाधू नये म्हणून तासातासाला तांब्याभर पाणी पाजत होते.

एका सकाळी आईने माझ्याकडे टक लावून विचारलं, "तुमी कोणाच्या वो बाई?" दुपारपर्यंत तिला ओकाऱ्या झाल्या, मग गुंगी आणि बडबड. आत्या म्हणाली, "बाहेरचं हाये हे. भगत बोलाव." मी धावत खंडारे डॉक्टरांना घेऊन आले.

"आधी भाजी दाखवा," ते म्हणाले. आत्या स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहिली. छप्पन साली डॉक्टरांच्या घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. त्यांच्या वस्तीतलं कोणी आमच्या चुलीपाशी कधी आलं नव्हतं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मावशी, शिव्या मंग द्या. आता टाइम नाही." जन्मात पहिल्यांदा मी आत्याचा दंड धरला आणि तिला बाजूला केलं.

डॉक्टरांनी वरण चाखलं आणि त्यांचा चेहराच उतरला. गोळी किती दिवस, पाणी किती, सगळं विचारून म्हणाले, "बाई, आंगातलं मीठ गोळीनं काढलं, उरलं ते तुमी पाण्यानं पातळ केलं. मेंदूले सूज येऊन राहिली तिच्या."

मी किल्ली घेऊन कपाटाकडे धावले. "थांबा!" ते ओरडले. "एकदम मीठ कोंबलं तं तेही जिवावर बेतते. हळू." गोळी बंद, नुसतं पाणी बंद. आईला टेकवून बसवलं, गिळते की नाही ते पाहिलं आणि मीठ घातलेली पेज चमच्याने, घड्याळ लावून. तपासायला रक्त नागपूरला धाडलं, पण उत्तर यायला दोन दिवस लागणार. झटके आले तर काय करायचं, तेही त्यांनी सांगून ठेवलं. मी ते वहीत उतरवून घेतलं.

वाटीतली पेज ते पुन्हापुन्हा चाखून पाहत होते. "डॉक्टर, तुम्हाला भीती वाटते?" मी विचारलं.

"वाटते तं! अमरावतीले अशीच एक बाई होती. ऊन लागलं समजून मी तिले पाणीच पाजत राहिलो. मीठ खाते का, विचारलं होतं. घरचे हो म्हणले. डॉक्टरले बरं वाटंल तेच सांगतात लोक. मी चाखून पाह्यलं नाई." पुढे त्या बाईचं काय झालं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईने ओठ चाटले आणि तोंड वाकडं केलं. "शालू, पेज खारट केली तू." मी तिच्या कुशीत शिरून ढसाढसा रडले. आत्याने डॉक्टरांसाठी पाट मांडला, तो चुलीपाशी.

पाच-सहा वर्षांनी ते अमरावतीला मुलाकडे राहायला गेले. हृदय थकलं होतं, पाय सुजले होते, आणि त्यांनाही तीच गोळी सुरू झाल्याचं कळलं. मी भेटायला गेले. खाटेवरून त्यांनी हात केला, पण मी आधी त्यांच्या सुनेच्या चुलीपाशी गेले आणि चमचाभर भाजी तळहातावर घेतली. मग ती चाटून पाहिली.

"काय म्हणते भाजी, बाई?" त्यांनी आतून विचारलं.

"बरोबर आहे, डॉक्टर. बेताचं मीठ आहे," मी म्हणाले. ते समाधानाने हसले. आठ दिवसांनी ते गेले, तेव्हा माझ्या मनात पहिली शंका आली ती हीच, की मी नीट चाखलं होतं ना?