अर्धी ग्रंथी आणि रोजची गोळी

गाडी चालवायला शिकवणाऱ्या त्या बाईंना सगळे ब्रेकबाई म्हणत. शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर, बाई शेजारी आणि बाईंचा पाय कायम आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर. हाताखालून शेकडो माणसं गेली, पण गाडीला कधी ओरखडा आला नव्हता.

मग गळ्यात गाठ दिसली. डॉक्टरांनी थायरॉईडची अर्धी ग्रंथी काढली. गाठ साधीच निघाली आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडला. उरलेली अर्धी काम निभावून नेईल असं वाटलं होतं, पण ती कामचुकार निघाली. तेव्हापासून पहाटे उपाशीपोटी गोळी, आणि त्यानंतर तासभर चहाचं नाव काढायचं नाही. ऑपरेशन बाईंनी हसत सोसलं. या तासाने त्या मेटाकुटीला आल्या.

बरं, एवढं करून गुण येईल तर शपथ. अंग जड, हातपाय गार, केस गळतायत, बसल्या जागी डोळे मिटतायत. रक्त तपासलं की डोस वाढायचा. पुन्हा तपासलं, पुन्हा वाढला.

"गोळी रोज घेता ना?" डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"घेते हो. आता काय शपथेवर सांगू?"

घरी नणंद म्हणायची, "वहिनी, मनावर घेतलं की सगळं होतं." बाई दात-ओठ खायच्या. आळशी म्हणवून घ्यायची त्यांना सवय नव्हती.

एका सकाळी बँकेतला एक कारकून वळण घेत होता. वळण चुकलं, गाडी थेट रोपवाटिकेच्या दारातल्या कुंड्यांवर गेली. बाईंचा पाय ब्रेकवरच होता, पण दाबला गेला तो कुंड्या फुटल्यावर.

"मला वाटलं, तुम्ही दाबाल," कारकून चाचरत म्हणाला.

"मलाही तसंच वाटलं," बाई म्हणाल्या. कुणाला लागलं नव्हतं. तरी ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने त्यांना गाडीवरून काढून ऑफिसात फोन घ्यायला बसवलं. ते त्यांना फार लागलं.

त्याच तिरमिरीत त्यांनी घरातली सगळी औषधं पिशवीत भरली आणि डॉक्टरांच्या टेबलावर ओतली. डॉक्टरांनी त्यातली एक डबी उचलली.

"हे कॅल्शियम कधी घेता?"

"त्या गोळीबरोबरच. एका घोटात दोन्ही. गुडघ्यांसाठी नणंदेने आणून दिलंय."

"अहो, कॅल्शियम त्या गोळीला अंगी लागू देत नाही. दोन्हींत निदान चार तास हवेत."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही आणखी काही घेता, हे मला आधी कुठे सांगितलंत?"

"ते काय औषध आहे का? शक्तीचं आहे."

दोघंही एकमेकांवर चिडले. मग डॉक्टरांनीच कबूल केलं की हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर गेलं. पुढच्या तपासणीत आकडे सुधारले, डोस थोडा उतरवावा लागला, आणि बाईंचं अंग हळूहळू हलकं झालं. मालकाने मुकाट्याने गाडीची किल्ली परत दिली.

"गोळी मात्र बहुधा कायमची," डॉक्टर म्हणाले.

"घेईन," ब्रेकबाई पिशवी आवरत म्हणाल्या. "पण हौसेने घेते, असं समजू नका."