बोरीचं खोड

अन्याय बुलबुलांवर झाला, कॉलेजातल्या वृक्षारोपणाच्या आदल्या सकाळी. गुलमोहराची रोपं शेळ्यांनी खाऊ नयेत म्हणून प्राचार्यांनी मैदानाच्या कडेची बोर तोडायला लावली आणि तिच्याच काटेरी फांद्यांचं कुंपण घातलं. बोरीत पिलांसकट घरटं होतं.

"अरे, झाडंच लावून राह्यलो ना आपण?" प्राचार्य म्हणाले.

"घर पाडून मांडव घालून राह्यलो, सर," मी म्हणालो.

"मंग उद्या पाहुण्यांना काटेरी बोर दाखवू?"

"बिलकुल दाखवा!"

दुपारी खोड उपटायला माणसं आली. आम्ही पोरं खोडाला वेढा घालून बसलो. कॉलेजातून काढून टाकीन, प्राचार्य म्हणाले; उठलो नाही. शेवटी माणसं परत गेली. पावसात खोडाला फुटवे आले.

तुमच्या कॉलेजातल्या बोरी, हिवर, तरवडाला कुऱ्हाड लावायला कुणी आलं, तर निवेदनं लिहीत बसू नका. आडवे व्हा.