किराणा दुकानदाराचा रविवार

कॉलेजात दोन वर्षे काढली एवढ्या भांडवलावर कुणी लिहायला बसू नये, हे मला कळते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सही केलेली नाही. तेव्हा फ्रान्समधल्या जुन्या छापील चित्रांविषयी मी काही सांगावे, हा आगाऊपणाच आहे. वाचकांनी तो पोटात घालावा. मला चित्रकलेतले कळत नाही. त्या चित्रांपैकी एकाने माझे शिक्षण कसे टांगणीला लावले, तेवढेच मी सांगू शकतो.

आमचे गाव पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी. कॉलेज मुंबईला. तिथे दुसरी भाषा घ्यावी लागे. संस्कृत मी शाळेत कधी शिकलो नव्हतो, आणि वर्गातली बाकीची मुले श्लोक पाठ करून आलेली. फ्रेंच मात्र एक म्हातारे पाद्री प्रोफेसर पहिल्या अक्षरापासून शिकवत. म्हणून मी फ्रेंच घेतले, आणि ते मला येऊ लागले. वसतिगृहातली माझी फुकट जागा महाडच्या एका शिक्षण फंडाकडून होती, आणि ती दर उन्हाळ्यात नव्याने मंजूर व्हायची. फंडाचे अध्यक्ष पेन्शनीत निघालेले एक अंमलदार होते. गाव त्यांना रावसाहेब म्हणे.

त्या मे महिन्यात रावसाहेबांनी मला बोलावले. वडील फणस घेऊन बरोबर आले. ते ओटीच्या पायरीवर बसले, मला आत बोलावणे आले.

दिवाणखान्यात चार-पाच पाहुणे होते. भिंतीवर ओळीने फ्रेंच चित्रे, शिळाछापावर काढून हाताने रंगवलेली. मधले सर्वांत मोठे. नदीकाठी हिरवळीवर एक कुटुंब बसले आहे. गृहस्थाच्या डोक्यावर उंच काळी टोपी, हातात गळ. बाईच्या हातात झालरीची छत्री. मागे मोलकरीण टोपली धरून उभी. रावसाहेब सर्वांना सांगत, की हे फ्रान्सच्या एका दिवाणाचे कुटुंब जलविहाराला निघाले आहे. ते नुसते सांगून थांबले नव्हते. दर रविवारी भरती बघून ते स्वतः सहकुटुंब खाडीतून होडीने तुडील गावाच्या बाजूला जात. गालिचा, छत्री, स्टोव्ह, टोपली धरलेली बाई, सगळे त्या चित्राबरहुकूम. महाडात त्या होडीत बसायला मिळणे हा मोठा मान होता.

“हा आमच्या फंडाचा विद्यार्थी,” रावसाहेब पाहुण्यांना म्हणाले. “फ्रेंच वाचतो. वाच रे, खाली काय लिहिलंय ते.”

मी जवळ गेलो. अक्षरे बारीक होती, पण स्पष्ट. मी ती ओळ मनात पुन्हा एकदा वाचली. अक्षरे पुसट आहेत म्हणावे, असे मनात आले. तेवढ्यात पायरीवरून वडिलांचा आवाज आला.

“वाच ना रे, लाजतोस काय? येतं त्याला, साहेब. घरी मोठ्यानं वाचत असतो.”

“किराणा दुकानदाराचा रविवार,” मी म्हणालो.

पाहुण्यांनी रावसाहेबांकडे पाहिले. मग बाजारातले भाताचे एक मुसलमान व्यापारी, तेही फंडाच्या कमिटीवर होते, मोठ्याने हसले. “म्हणजे आमच्याच जातकुळीतला निघाला की! मग दिवाण कुठं गेले, रावसाहेब?”

“पण दुकानदाराचं चित्र कोण कशाला काढेल?” दुसऱ्या पाहुण्याने मला विचारले.

इथे मी थांबायला हवे होते. पण विचारले की उत्तर द्यायचे, एवढेच मला येत होते. प्रोफेसरांकडून ऐकलेले मी सांगत सुटलो. त्या काळी तिथे व्यापारात नवा पैसा आलेले लोक सुटीच्या दिवशी सरदारांसारखे नदीवर जात, आणि चित्रकार त्यांची थट्टा करत. गळ टाकतानाही टोपी उतरवलेली नाही, कारण टोपी उतरली तर साहेबपणा उतरेल. कोट पोटावर ताणला आहे. टोपली हलकी आहे, तरी ती धरायला बाई आणली आहे. मासा मिळणे महत्त्वाचे नाही, लोकांनी बघणे महत्त्वाचे.

बोलता बोलता माझ्या लक्षात आले, की पाहुणे चित्राकडे बघतच नव्हते. काहीजण जमिनीकडे बघत होते. त्या व्यापाऱ्यांनी हसू दाबायला तोंडावर रुमाल धरला होता.

“आणखी काही लिहिलंय?” रावसाहेबांनी विचारले.

“नाही.”

“बरं. चहा घे.”

चहा आला. मी कप घेऊन भिंतीशी उभा राहिलो. जागेविषयी रावसाहेब एक अक्षर बोलले नाहीत, आणि विचारायचा धीर मला झाला नाही.

पोलादपूरच्या रस्त्याला लागल्यावर वडिलांनी विचारले, “बरोबर वाचलंस ना?”

“हो.”

“मग समदे गप का झाले?”

मी सांगितले.

“वाणी हाय तर वाणीच सांगणार, त्याला इलाज नाय,” वडील म्हणाले. “पण टोपीचं नव्हतं सांगायचं रे. टोपीचं कुणी विचारलं होतं?”

मग वाट बघणे सुरू झाले. आईने देवाला नारळ बोलला. कॉलेज उघडायची वेळ जवळ आली, शेतात भाताची रोपे वर आली, तरी महाडहून निरोप नाही. मुंबईला गिरणीत असलेल्या चुलत्यांना विचारावे का, असे घरात बोलणे निघू लागले. जागा गेली तर मीही तिथेच जाणार, हे न बोलता सर्वांना ठाऊक होते.

एका संध्याकाळी वडील महाडच्या बाजारातून परतले. ते व्यापारी त्यांना दुकानात बोलावून सांगत होते, की कमिटीत बरीच वादावादी झाली. रावसाहेब आधी नाहीच म्हणाले. मग सर्वांच्या आग्रहाला मान देऊन त्यांनी जागा मंजूर केली, मात्र एका अटीवर.

“फ्रेंच सोडायचं,” वडील पाय धूत म्हणाले. “संस्कृत घ्यायचं. आपल्या मुलांनी आपलंच शिकावं, असं म्हणाले.”